सुंठेवाचून खोकला

'सुंठेवाचून खोकला गेला' ही म्हण ज्याने (बहुधा जिने) पहिल्यांदा वापरली, त्या व्यक्तीला मी मराठीतली पहिली संख्याशास्त्रज्ञ मानतो. गंमत करत नाहीये. औषध घेतलं आणि बरं वाटलं, एवढ्यावरून औषधाने बरं वाटलं असं सिद्ध होत नाही. औषध न घेताही किती जणांना बरं वाटलं असतं, ते आधी बघावं लागतं. ही साधी गोष्ट नीट अंगवळणी पडायला आधुनिक वैद्यकाला विसावं शतक उजाडावं लागलं. आपल्या कुठल्यातरी खापरपणजीने ती चुलीपुढे बसून तीन शब्दांत सांगून टाकली होती.

आज ही म्हण आठवायचं कारण सुंठच आहे. पण खोकल्यावरची नव्हे, उलटीवरची. ऑपरेशन झाल्यावर, भूल उतरताना जी मळमळ आणि उलट्या होतात, त्यावर आलं-सुंठ चालते का? आमच्या वयाच्या लोकांचे आईबाप आता ऑपरेशनांच्या वयात आलेत, त्यामुळे हा वाद ऑफिसच्या कँटीनपासून हॉस्पिटलच्या कॉरिडॉरपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. आणि तो नेहमी एकाच पद्धतीने होतो.

एका बाजूला 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' पक्ष. यांच्या व्हॉट्सॅपवर आलं मळमळीपासून कॅन्सरपर्यंत सगळ्यावर चालतं, आणि औषध कंपन्या ते दडपून ठेवतात. दुसऱ्या बाजूला 'पेपर दाखव' पक्ष. हे बहुतेक माझ्याच धंद्यातले लोक. 'आजीबाईचा बटवा' म्हटलं की यांच्या कपाळाला आठ्या पडतात. पहिल्या पक्षाला पुरावा नकोच असतो. दुसऱ्या पक्षाला तो मागायचा असतो, वाचायचा नसतो :-)

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. आल्याचा थोडा उपयोग असावा, पण तो आपण समजतो तसा नाही आणि तेवढाही नाही. आणि आलं चांगलं की गोळी चांगली यावर भांडताना पेशंटला विचारायचा खरा प्रश्न मात्र राहूनच जातो. तो प्रश्न कुठला, ते येईलच पुढे.

आता सविस्तर.

मुळात ही मळमळ किरकोळ गोष्ट नाही. पूर्ण भूल दिलेल्या पेशंटपैकी ढोबळमानाने तिघांतल्या एकाला हा त्रास होतो. ज्यांना धोका जास्त, त्यांच्यात हे प्रमाण ७०-८० टक्क्यांपर्यंत जातं. पोटावर ताजे टाके असताना उमासे येणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं. शिवाय टाक्यांवर ताण येतो, अंगातलं पाणी कमी होतं, घरी जायचं लांबतं. अर्धवट शुद्धीत उलटी श्वासनलिकेत गेली तर जिवावरही बेतू शकतं. १९९९ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी १०१ पेशंटना ऑपरेशनच्या आधी विचारलं होतं, की भूल उतरताना तुम्हाला सगळ्यात नको असलेली गोष्ट कोणती? पहिला नंबर उलटीचा लागला. दुखण्याचा नाही, उलटीचा. आणि आपल्याकडे वॉर्डात याचं उत्तर काय मिळतं? "भुलेचं असतं ते, होतंच."

हे होतं कसं, तेही बघू. मेंदूच्या देठात उलटीची एक यंत्रणा आहे. तिला चार ठिकाणांहून वायरी आलेल्या आहेत असं समजा. एक पोटा-आतड्यांतून. दुसरी मेंदूच्या एका कोपऱ्यातून, जो रक्तातल्या रसायनांवर पाळत ठेवतो. तिसरी कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या भागातून. आणि चौथी भीती, वास, आठवणी यांच्याकडून. वायरी चार, घंटा एक. कुठलंही औषध एखाददुसरीच वायर कापतं. ऑन्डॅनसेट्रॉन हे सध्या सर्रास वापरलं जाणारं इंजेक्शन मुख्यतः सेरोटोनिनची वायर कापतं. म्हणून एकाच औषधाने सगळ्यांची उलटी थांबत नाही. बाकीच्या वायरी चालूच असतात.

यात एक मजेची गोष्ट आहे. ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून जी अफूवर्गातली औषधं देतात (मॉर्फिन, फेंटॅनिल, ट्रामाडॉल वगैरे), ती कानातल्या तोलयंत्रणेला जास्त हळवी करतात. पडून असलेला पेशंट बरा असतो, आणि स्ट्रेचर वळणावर वळलं की भडभडून उलटी होते, ते यामुळे. म्हणजे ऑपरेशननंतरची उलटी ही काही अंशी चक्क गाडी लागणंच असते. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता आलं. आल्यातला तिखटपणा जिंजेरॉल या द्रव्यामुळे येतो. आलं वाळवून सुंठ केली की त्यातल्या काही जिंजेरॉलचं शोगाओल होतं, जे आणखी तिखट असतं. (आल्याला जपानीत 'शोगा' म्हणतात, त्यावरून हे नाव.) प्रयोगशाळेत ही द्रव्यं सेरोटोनिनच्या त्याच वायरीत अडथळा आणताना दिसतात, जी ऑन्डॅनसेट्रॉन कापतं. तेव्हा 'आल्याने उलटी कशी थांबेल, काहीतरीच' असं म्हणायची सोय दुसऱ्या पक्षाला नाही. पण प्रयोगशाळेत चालणं आणि माणसात चालणं यांतलं अंतर आपल्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मशीनवर चालतंय हे काही उत्तर नव्हे.

मग माणसांत काय दिसलं? १९९० साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमध्ये ६० बायकांवर, स्त्रीरोगाच्या मोठ्या ऑपरेशनच्या वेळी, चाचणी झाली. काहींना सुंठेची कॅप्सूल, काहींना मेटोक्लोप्रमाइड हे तेव्हाचं नेहमीचं औषध, काहींना नुसतंच खोटं औषध. कुणाला काय दिलंय ते ना पेशंटला माहीत, ना नोंद करणाऱ्याला. सुंठवाल्या बायकांना मळमळ खोट्या औषधापेक्षा कमी झाली आणि मेटोक्लोप्रमाइडच्या जवळपास राहिली. १९९३ साली १२० बायकांवर, दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या वेळी, तोच प्रयोग झाला. त्रास झालेल्यांचं प्रमाण सुंठेत २१ टक्के, मेटोक्लोप्रमाइडमध्ये २७ टक्के, खोट्या औषधात ४१ टक्के.

पहिला पक्ष इथे टाळ्या वाजवून निघून जातो. पण गोष्ट पुढे आहे. १९९५ साली ऑस्ट्रेलियात १०८ बायकांवर चाचणी झाली. अर्धा ग्रॅम आणि एक ग्रॅम सुंठ दिली. उपयोग शून्य. २००३ साली जर्मनीत १८० बायकांना आल्याचा अर्क दिला. पुन्हा उपयोग नाही. इथे दुसरा पक्ष टाळ्या वाजवतो आणि निघून जातो.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल. एकच टेस्ट चार वेळा चालवली, दोनदा पास, दोनदा फेल. यातला आपल्याला हवा तो रन दाखवून 'झालं काम' म्हणणारा माणूस प्रत्येक टीममध्ये असतो. शहाणा माणूस सगळे रन एकत्र करून बघतो. वैद्यकात तेच करतात. २००० साली ब्रिटनमधल्या दोघांनी तेव्हाच्या तीन चाचण्या एकत्र केल्या, तर फरक नक्की म्हणावा इतका निघाला नाही. २००६ साली थायलंडच्या संशोधकांनी किमान एक ग्रॅम सुंठ दिलेल्या पाच चाचण्या, ३६३ पेशंट, एकत्र केले. तेव्हा त्रासाचा धोका ०.६९ पटीवर आला, म्हणजे सुमारे तीस टक्क्यांनी कमी.

हे ०.६९ म्हणजे नक्की काय? इथे आपली खापरपणजी कामाला येते. समजा मध्यम धोक्याच्या १०० बायका आहेत. काहीही दिलं नाही तर ४० जणींना त्रास होईल. सगळ्यांना एक ग्रॅम सुंठ दिली, तर ०.६९ ने गुणून २८ जणींना होईल. आता वॉर्डात फिरा. ७२ जणी सांगतील, "सुंठ घेतली, काही झालं नाही बघा!" २८ जणी सांगतील, "सुंठ-बिंठ काही खरं नाही." पण त्या ७२ मधल्या ६० जणींना तसाही त्रास होणार नव्हता. त्यांचा खोकला सुंठेवाचूनच गेला. खरा फायदा झाला तो १२ जणींना, आणि त्या बारा कोणत्या, ते त्यांना स्वतःलाही कळणार नाही. शिवाय ३६३ हा आकडा लहान. त्यामुळे या ०.६९ भोवतीची चूकभूल ०.५४ पासून ०.८९ पर्यंत पसरलेली आहे. म्हणजे फायदा बारा जणींऐवजी चौघींनाही असेल, अठरा जणींनाही असेल.

म्हणून "माझ्या काकूला आल्याने फरक पडला" आणि "माझ्या काकूला काडीचा फरक पडला नाही" ही दोन्ही वाक्यं शंभर टक्के खरी असून शंभर टक्के निरुपयोगी आहेत.

तरी शंभरात बारा हा फायदा, खरा असेल तर, वाण्याकडे मिळणाऱ्या वस्तूसाठी मुळीच वाईट नाही. मी आल्याच्या विरोधात नाही हो. पण मान द्यायचा तर मोजून द्या.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू, कारण त्यांची बाजू भक्कम आहे, पण ते ती नीट मांडत नाहीत. २००४ साली युरोपातली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ५,१९९ पेशंट. ऑन्डॅनसेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रोपेरिडॉल या तिघांपैकी प्रत्येकाने धोका सुमारे २६ टक्क्यांनी कमी केला. आणि महत्त्वाचं म्हणजे हे फायदे एकमेकांवर रचले जातात, प्रत्येक औषध उरलेल्या धोक्यातला चौथा हिस्सा कापतं. ८० टक्के धोका असलेल्या बाईला एक औषध दिलं की ५९, दोन दिली की ४४, तीन दिली की ३२. वायरी वेगवेगळ्या आहेत ना, म्हणून. (२६ टक्के आणि ३१ टक्के बघून 'आलं जिंकलं!' असं कुणी ओरडू नये. ३६३ जणांवरचा आकडा आणि ५,१९९ जणांवरचा आकडा एका तराजूत तोलता येत नाहीत.)

पण याच पक्षाच्या अंगणातली एक गोष्टही सांगायलाच हवी. उलटीवरच्या औषधांवर ढिगाने पेपर लिहिणारे योशिताका फुजी नावाचे जपानी भूलतज्ज्ञ होते. २००० साली जर्मनीतल्या तिघांनी एका नियतकालिकाला पत्र लिहून दाखवून दिलं, की यांचे आकडे संशय यावा इतके सुबक आहेत. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. अखेर २०१२ साली जपानच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने चौकशी केली आणि त्यांच्या १७२ पेपरांमध्ये बनावट माहिती सापडली. त्यातल्या अनेक चाचण्या तर झाल्याच नव्हत्या. तेव्हा 'पेपर आहे' एवढं म्हणून चालत नाही, पेपर वाचावा लागतो. ही चोरी शेवटी पकडली गेली तीही आकडे पुन्हा तपासूनच, हेही तितकंच खरं.

असो. व्यवहाराचं बोलू, कारण कुणाचं तरी ऑपरेशन पुढच्या आठवड्यात असेल.

पहिली गोष्ट, चाचण्यांमध्ये दिली ती प्रामुख्याने सुंठेची पूड, मोजून, कॅप्सूलमध्ये, आणि ऑपरेशनच्या आधी. ऑपरेशन झाल्यावर घरून थर्मासमध्ये आणलेला आल्याचा काढा ही वेगळी गोष्ट आहे. त्या चाचण्यांचे आकडे त्याला लावता येत नाहीत. ओल्या आल्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, आणि आलेपाकात किती आलं आणि किती साखर हे करणाऱ्याच्या हातावर अवलंबून.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ऑपरेशनच्या सकाळी 'मळमळ होऊ नये म्हणून' आल्याचा चहा अजिबात नको. भुलेच्या आधी दोन तासांपर्यंत फक्त पारदर्शक द्रव चालतात, पाणी किंवा कोरा चहा वगैरे. दूध त्यात बसत नाही. त्याला हलक्या जेवणासारखे सहा तास धरतात. आपला चहा म्हणजे दूध आलंच. पोटात दूध असताना भूल दिली तर जी भीती वर सांगितली, उलटी श्वासनलिकेत जाण्याची, ती वाढते. आणि आपल्या हॉस्पिटलने याहून कडक वेळा सांगितल्या असतील तर त्याच पाळायच्या.

तिसरी गोष्ट, सुंठ, त्रिकटू (म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी) किंवा कुठलंही चूर्ण रोज घेत असाल तर भूलतज्ज्ञांना सांगा. आलं रक्ताच्या गुठळ्या होण्याच्या प्रक्रियेत ढवळाढवळ करू शकतं असं प्रयोगशाळेत दिसलंय. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तुमच्या डॉक्टरांना हे माहीत असायलाच हवं. "घरचंच आहे हो ते, औषध थोडंच आहे" हे वाक्य इथे चालत नाही. उलटी थांबवण्याइतकं जे ताकदवान आहे ते औषधच आहे.

आणि आता तो राहून गेलेला प्रश्न.

१९९९ साली क्रिस्टियन आप्फेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (२००० सालचं ते पत्र लिहिणाऱ्यांत हेही होते) अनेक घटकांच्या जंजाळातून चार घटक बाजूला काढले. पेशंट बाई आहे का? सिगारेट ओढत नाही का? (हो, न ओढणाऱ्यांना त्रास जास्त होतो. म्हणून कुणी सुरू करू नये.) आधी ऑपरेशननंतर उलट्या झाल्या होत्या का, किंवा गाडी लागते का? आणि ऑपरेशननंतर अफूवर्गातली वेदनाशामकं द्यावी लागणार आहेत का? प्रत्येक 'हो'ला एक गुण. शून्य गुणांना धोका सुमारे १० टक्के, एकाला २०, दोनला ४०, तीनला ६०, चारला ८०. बस्स. ना रक्ततपासणी, ना स्कॅन. चार प्रश्न, अर्धा मिनिट. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तर सांगतात की मोठ्या माणसांत एक-दोन घटक असतील तर दोन औषधं द्या, त्याहून जास्त असतील तर तीन-चार उपाय एकत्र करा. ऑन्डॅनसेट्रॉन आणि डेक्सामेथासोन ही दोन्ही जुनी, स्वस्त औषधं आहेत. पैशाचाही प्रश्न नाही.

माझ्या एका मावशीची गोष्ट. तिला गाडी लागते हे आमच्या खानदानात सगळ्यांना माहीत आहे. घाट आला की पुढची सीट तिची, हातात लिंबू तिच्या, आणि बाकीच्यांनी डबे उघडायचे नाहीत. मध्यंतरी तिची गर्भाशयाची पिशवी काढली. दाखल होताना फॉर्म भरला. त्यात उंची, वजन, बीपी, शुगर, कशाची ॲलर्जी, कवळी आहे का, दागिने काढले का, सगळ्याला रकाना होता. गाडी लागते का, याला नव्हता. बाई, सिगारेट नाही, गाडी लागते, आणि नंतर ट्रामाडॉल. चारपैकी चार. रात्रभर ती उलट्या करत होती. ड्युटीवरच्या सिस्टर चांगल्या होत्या, पण त्यांच्याकडे उत्तर एकच होतं: "भुलेचं असतं." कॉरिडॉरमध्ये आमचे दोन काका आल्याचा रस द्यावा की नाही यावर हमरीतुमरीवर आले होते. आणि मावशीच्या बाबतीतली सगळ्यात उपयोगी माहिती, जी घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती, ती भूल देणाऱ्यापर्यंत पोचलीच नव्हती.

हे सरसकट सगळीकडे असं होतं असं नाही. चांगले भूलतज्ज्ञ ऑपरेशनच्या आधी भेटतात आणि हे विचारतात. पण जिथे विचारत नाहीत तिथे आपण वाट का बघायची? आपल्या बायका तर त्यातही मागे. मळमळ हे काय सांगण्यासारखं दुखणं आहे, उगाच डॉक्टरांना कशाला त्रास, असं म्हणून गप्प बसतात. धोका सगळ्यात जास्त त्यांनाच, आणि तक्रार सगळ्यात कमी त्यांचीच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आल्यावर विश्वास असेल तर भूलतज्ज्ञांना विचारा, त्यांची हरकत नसेल तर ते म्हणतील तेव्हा मोजून सुंठ घ्या, आणि बाकीच्या औषधांच्या जोडीने घ्या, त्यांच्याऐवजी नको. विश्वास नसेल तर घेऊ नका, काही बिघडत नाही. पण घरात कुणाचंही ऑपरेशन ठरलं, की भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्वतःहून दोन वाक्यं सांगा: गाडी लागते की नाही, आणि मागच्या ऑपरेशनला उलट्या झाल्या होत्या की नाही. फॉर्ममध्ये रकाना नसेल तर समासात लिहा, मोठ्या अक्षरात: 'गाडी लागते.'